आलापल्ली–सिरोंचा : सागवनातली वाट

आलापल्लीचा चौक मागे पडला की सिरोंचा जवळपास शंभर किलोमीटर उरतो. रेपनपल्ली, उमानूर, जिमलगट्टा, बामणी... गावे लहान, मधले जंगल मोठे. पूर्वीचा हा राज्य मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ३५३-सी झाला आहे. साकोलीहून वडसा, गडचिरोली, आष्टी करत तो येतो आणि सिरोंचापुढे गोदावरी ओलांडून तेलंगणात शिरतो.

इथल्या सागाला देशभर मान. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली बल्लारपूरच्या डेपोतून गेलेले लाकूड याच पट्ट्यातले. आता सागाच्या जोडीला सुरजागडचे लोहखनिजही बाहेर जाते. त्याचे ट्रक आलापल्लीहून आष्टीकडे धावतात तेव्हा दुचाकीस्वार जीव मुठीत धरून कडेला होतात.

रेपनपल्लीजवळ कमलापूरचा फाटा लागतो. घाईत असलेल्यानेही तिथे वळावे, असा वनविभागाचा हत्ती कॅम्प या गावाजवळ आहे. एके काळी हे हत्ती सागाचे ओंडके ओढत. यंत्रे आली आणि ते काम संपले, पण माणसांशी जडलेले नाते टिकले. सायंकाळी माहूत त्यांना रानात सोडतात. पायात लांब साखळी असते. सकाळी चाराकटर मातीत उमटलेला तिचा माग काढत, ताजा मोडलेला बांबू बघत हत्तीपर्यंत पोहोचतो. मग तळ्यात आंघोळ, आणि त्यानंतर भात, गूळ, मीठ कालवून केलेले गोळे. २०२२ साली या हत्तींना गुजरातेत हलवण्याची हालचाल सुरू झाली, तेव्हा परिसरातले लोक विरोधात उभे राहिले. कमलापूरचे हत्ती कमलापुरातच राहिले, हे फार बरे झाले.

सिरोंचा इंग्रजी अमदानीत अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्यालय होते. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडून चांद्यात घातला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला आणि सिरोंचा त्याचे दक्षिण टोक बनले. प्राणहिता-गोदावरीचा संगम आणि वडधमचे डायनासोरचे जीवाश्म पाहायला येणारे थोडेच.

गोदावरीवर पूल झाल्यापासून पलीकडचे कालेश्वर हाकेच्या अंतरावर आले आहे. बाजाराला, दवाखान्याला लोक मंचेरियाल, वरंगल गाठतात. तेलुगू इथे घरचीच. मात्र जात पडताळणी असो की मेडीगड्डा धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या शेतीचा मोबदला, त्यासाठी दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या गडचिरोलीलाच जावे लागते. वनखात्याच्या परवानग्यांत रुंदीकरण वर्षानुवर्षे रखडले, आणि खड्ड्यांतून जाणारी एसटी आलापल्लीला पोहोचेपर्यंतच अर्धा दिवस सरत आला.