जीपला कोणते इंजिन बसवावे?

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. सह्याद्रीच्या कुशीतल्या एका वाडीत तो राहतो. घरची जुनी जीप चालवून वाडीतले दूध तो खालच्या डेअरीवर पोहोचवतो. पावसाळ्यात एसटी वाडीपर्यंत चढत नाही. तेव्हा आजारी माणसाला दवाखान्यात नेण्याचे कामही याच जीपकडे येते. त्याच्या जीपच्या इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला होता आणि नवे इंजिन घेण्याइतका पैसा गाठीला नव्हता.

"सर, मेकॅनिकने दोन जुनी इंजिने दाखवली आहेत," खिशातून कागद काढत तो म्हणाला. "किंमत सारखीच आहे. एक आमच्यासारखेच डिझेल, पासष्ट घोड्यांचे. दुसरे एका मोटारगाडीचे पेट्रोल इंजिन, पंच्याऐंशी घोड्यांचे. सगळे म्हणतात, घोडे जास्त ते घे. तुम्ही काय म्हणता?"

"अरे, मी कशाला म्हणायला हवे?" मी म्हणालो. "कागद-पेन्सिल घे. बारावीला शिकवलेले यंत्रशास्त्र विसरला नसशील तर उत्तर तूच काढशील."

त्या दिवशी आम्ही केलेले गणित आज तुमच्यापुढे मांडतो.

अश्वशक्ती म्हणजे काय?

शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, हे तुम्ही शिकला आहात. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. इंजिन मात्र सरळ ओढत नाही, ते दांडा फिरवते. फिरवण्याच्या या जोराला आपण बलाचे आघूर्ण म्हणतो आणि मोटारीच्या धंद्यात त्याला टॉर्क म्हणतात. पाना जितका लांब, तितका नट सहज सुटतो. तिथे काम करतो तो टॉर्कच. त्याचे एकक न्यूटन-मीटर.

टॉर्कला कोनीय वेगाने गुणले की शक्ती मिळते. म्हणजे तीच अश्वशक्ती दोन प्रकारे मिळू शकते : जास्त टॉर्क आणि कमी फेरे, किंवा कमी टॉर्क आणि जास्त फेरे.

दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलिज जीपचे उदाहरण घ्या. तिचे पेट्रोल इंजिन २,१९९ घनसेंटिमीटरचे होते. मिनिटाला ४,००० फेरे होत तेव्हा ते ६० अश्वशक्ती देई. त्याचा सर्वाधिक टॉर्क, सुमारे १४२ न्यूटन-मीटर, मात्र २,००० फेऱ्यांनाच मिळत असे. त्या वेळी अश्वशक्ती किती होती, ते काढून पाहा. उत्तर ४० च्या आसपास येईल. म्हणजे 'साठ घोडे' हे इंजिन भरधाव फिरत असतानाचे वर्णन झाले. चिखलात, दगडधोंड्यांत हळू चालताना त्यातले पुष्कळ घोडे कामावर हजरच नसतात!

कागदावरचे आकडे

दोन्ही इंजिनांचा टॉर्क मेकॅनिकच्या कागदावरून आम्ही असा उतरवून घेतला :

डिझेल इंजिन : १,२०० फेऱ्यांना १२० न्यूटन-मीटर, २,२०० फेऱ्यांना सर्वाधिक, १३७.

पेट्रोल इंजिन : १,२०० फेऱ्यांना ६५ न्यूटन-मीटर, २,००० फेऱ्यांना ८५, ४,५०० फेऱ्यांना सर्वाधिक, ११५.

मोटारगाडीचे इंजिन हमरस्त्यावर वेगाने पळण्यासाठी बनवलेले असते. त्याचा जोर वरच्या फेऱ्यांत साठवलेला असतो. वाडीच्या रस्त्यावर ते फेरे गाठायला मिळतील का, हा खरा प्रश्न होता.

चढाला किती बल लागते?

वाडीजवळचा सर्वांत कठीण चढ एकास चार आहे, म्हणजे चार मीटर चालले की एक मीटर उंची. दुधाच्या कॅनांसह जीपचे वस्तुमान १,५०० किलोग्रॅम धरू. उतारावरून गाडीला मागे खेचणारे बल :

१,५०० × ९.८ × ०.२५ = ३,६७५ न्यूटन.

शिवाय चिखलातून चाक पुढे लोटायलाही बल लागते. ते रस्त्यावर पडणाऱ्या दाबाच्या ०.१५ पट धरू. चढावर हा दाब सुमारे १४,२३० न्यूटन येतो. म्हणून चिखलाचा विरोध सुमारे २,१३० न्यूटन. एकूण बल झाले सुमारे ५,८०० न्यूटन.

आता इंजिनापासून चाकापर्यंत जाऊ. या जुन्या जीपमध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.८ आहे. त्यापुढे दुसरी एक लहान गिअरपेटी असते. तिचा 'लो' दांडा ओढला की आणखी २.४६ पट मिळते. शेवटी आसाच्या दात्यांत ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७. पहारीने शिळा हलवताना हात लांब अंतर सरकतो आणि शिळा थोडीच हलते, पण जोर वाढतो. इथेही तोच व्यवहार आहे. टॉर्क ३७ पट वाढतो आणि फेरे ३७ पट घटतात. दात्यांच्या घर्षणात काही वाया जाते म्हणून ८५ टक्केच हाती लागते असे मानू. चाकाची त्रिज्या ०.३६ मीटर.

१,२०० फेऱ्यांना, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटरच्या चालीला, चाकांवर मिळणारे बल :

पेट्रोल : ६५ × ३७ × ०.८५ ÷ ०.३६ = सुमारे ५,६८० न्यूटन.

डिझेल : १२० × ३७ × ०.८५ ÷ ०.३६ = सुमारे १०,४८० न्यूटन.

हवे होते ५,८००! म्हणजे पंच्याऐंशी घोड्यांचे इंजिन या चालीला त्या चढावर गुदमरून बंद पडणार आणि पासष्ट घोड्यांचे मात्र आरामात चढणार. पेट्रोल इंजिन २,००० फेऱ्यांवर ठेवले तर सुमारे ७,४०० न्यूटन मिळतात आणि चढ चढता येतो. पण मग ताशी सात किलोमीटरच्या खाली उतरून चालणार नाही. मोठा दगड आला की चालक क्लच अर्धवट दाबून धरणार आणि चार दिवसांत क्लचच्या प्लेटा जळणार.

"मग गिअरच बदलले तर?" त्याने विचारले. प्रश्न योग्यच होता. गुणोत्तर दीडपट केले तर पेट्रोल इंजिनही हे काम करील. पण त्यासाठी पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आसांतले दाते बदलावे लागतील. स्वस्तातले इंजिन मग स्वस्त राहणार नाही.

मग त्याहून मोठे इंजिन का नको?

तो हसून म्हणाला, "असे असेल तर ट्रकचेच इंजिन बसवतो की!" इथे निसर्गाने एक मर्यादा घालून ठेवली आहे. इंजिन चाक फिरवते, पण गाडीला पुढे ढकलते ते जमीन आणि टायर यांमधले घर्षण. ओल्या मातीवर घर्षणाचा गुणांक ०.५ धरला, तर चारही चाकांना मिळून फार तर १४,२३० × ०.५, म्हणजे सुमारे ७,१०० न्यूटन बल मिळेल. इंजिनाने याहून अधिक जोर लावला की चाके जागीच गरगरतील आणि चिखलात खड्डा खणतील. त्याचे डिझेल इंजिनच या मर्यादेपलीकडे जोर देते. ट्रकच्या इंजिनाचा जादा जोर वाया गेला असता.

आणि तो नुसता वाया जात नाही, मोडतोडही करतो. जीपची गिअरपेटी, मागे जाणारा दांडा आणि आस हे सारे मूळच्या १४०-१५० न्यूटन-मीटर टॉर्कच्या हिशेबाने बनवले आहेत. दुप्पट टॉर्क दिला तर साखळीतली सर्वांत कच्ची कडी तुटणार, आणि तीही बहुधा घाटात. म्हणून पहिला नियम असा : नव्या इंजिनाचा टॉर्क मूळच्या इंजिनाच्या आसपास असावा.

जागा आणि वजन यांचाही विचार करावा लागतो. १९५३ साली विलिज कंपनीने सीजे-३बी ही जीप काढली, तेव्हा तिला बसवलेले नवे इंजिन जुन्यापेक्षा उंच होते. ते मावेना म्हणून बॉनेटच उंच करावे लागले. पुढे महिंद्रा कंपनीने हीच जीप भारतात अनेक वर्षे बनवली. आपल्या खेडोपाडी दिसणाऱ्या जुन्या जीपचे ते उंच कपाळ म्हणजे इंजिन बदलल्याची खूण आहे!

पाण्याची एक गोष्ट

डिझेल इंजिनात ठिणगीचे प्लग नसतात. त्यामुळे ओढ्यातून जाताना प्लग भिजून ते बंद पडत नाही. पण म्हणून निर्धास्त राहू नये. डिझेल इंजिन हवेला फार दाबते. समजा, एका सिलिंडरमध्ये ५५० घनसेंटिमीटर जागा दट्ट्या झाडून काढतो आणि दाबाचे गुणोत्तर २२ आहे. मग दट्ट्या वर पोहोचल्यावर उरलेली जागा ५५० ÷ २१ = सुमारे २६ घनसेंटिमीटर. म्हणजे जेमतेम पाच चमचे! हवेच्या नळीतून तेवढे पाणी जरी आत शिरले, तरी दट्ट्याला वर जायला जागा उरत नाही. पाणी हवेसारखे दबत नाही, म्हणून दट्ट्याचा दांडा वाकतो. जुन्या जीपच्या पेट्रोल इंजिनाचे गुणोत्तर सुमारे ६.५ होते, म्हणून तिथे सुमारे १०० घनसेंटिमीटर जागा उरत असे. तेव्हा हवेच्या नळीचे तोंड जितके उंच, तितके बरे.

चढावर हळू चालताना समोरून वाराही लागत नाही. रेडिएटर थंड ठेवण्याचा सारा भार पंख्यावर येतो. रेडिएटर गाळाने तुंबलेला असेल तर उत्तम इंजिनही तडकते. त्याच्या इंजिनाचे तेच झाले होते. नवे इंजिन बसवण्याआधी रेडिएटर साफ करून घे, असे मी त्याला बजावले.

शेवटची गोष्ट कायद्याची. नोंदणीच्या कागदावर इंजिनाचा क्रमांक आणि इंधनाचा प्रकार लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत मनमानी बदल करता येत नाही. त्या जीपच्या कागदांवर डिझेलचीच नोंद होती, कारण तिचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवण्याचे काम त्याच्या वडिलांनी पूर्वीच रीतसर केले होते. तरीही आधी परिवहन कार्यालयात जा, मगच मेकॅनिककडे, असे मी त्याला सांगितले.

त्याने पासष्ट घोड्यांचे डिझेलच घेतले. श्रावणात त्याचा फोन आला. भर पावसात मध्यरात्री वाडीतल्या एका बाळंतिणीला त्याने खाली आणले होते, आणि परतताना जीप तो चढ पहिल्या गिअरमध्ये न थांबता चढली होती. "सर, आपले गणित बरोबर आले," तो म्हणाला. परीक्षेत त्याला यंत्रशास्त्रात फारसे गुण नव्हते. त्या रात्री मात्र मी त्याला पैकीच्या पैकी दिले.

करून पाहा : गिअरची सायकल घ्या. एकाच चढावर सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड गिअरमध्ये ती चालवा. पायडलचा एक फेरा झाला की सायकल किती पुढे जाते, ते दोन्ही वेळा मोजा आणि पायांना लागणाऱ्या जोराशी त्याची तुलना करा. जीपच्या 'लो' दांड्याचे रहस्य तुमच्या पोटऱ्याच तुम्हाला सांगतील!