एचएमटी भाताची चाळीस वर्षे

महाड तालुक्यातल्या तुडीलच्या खाचरांपासून चंद्रपूर जिल्ह्यातले नांदेड गाव फार लांब. नागभीड तालुक्यातल्या या खेड्यात १९८३ साली सुरू झालेली गोष्ट मात्र महाड-पोलादपुरात राब भाजून भात लावणाऱ्या प्रत्येक घराने ऐकावी अशी आहे.

दादाजी खोब्रागडे यांची जमीन जेमतेम दीड एकर. ‘पटेल ३’ वाणाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग पिवळसर. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि हंगामामागून हंगाम निवड चालू ठेवली. बियाणे आसपासच्या गावांत पसरले, बाजारात गेले आणि त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव त्याला चिकटले, एचएमटी.

शेतकऱ्याचा शोध राखणे इथेच अवघड होते. भाताच्या फुलात परागीभवन आपले आपणच होते. त्यामुळे वाण स्थिर झाले की मूठभर बियाण्यातून कुणीही तेच पीक वर्षानुवर्षे घेऊ शकतो. लपवून ठेवावे तर विकायचे काय?

१९९४ साली अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने दादाजींकडून प्रयोगासाठी पाच किलो बियाणे नेले. १९९८ साली ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण जाहीर झाले. आपण वाण शुद्ध केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. शुद्धीकरणालाही मेहनत लागते, हे खरेच. पण शुद्ध करायला मुळात जे हाती आले ते दादाजींच्या नजरेने निवडलेले होते. त्याचे श्रेय आणि मोबदला त्यांना मिळायलाच हवा होता, असे मला ठामपणे वाटते.

तेव्हा दाद मागायला कायदाच नव्हता. पेटंट बियाण्याला मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर घरचे बी पेरायलाही परवानगी मागावी लागली असती. वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ साली आला. त्यात शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंद करता येते, भातासारख्या पिकाला १५ वर्षे संरक्षण मिळते, आणि बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा जुना हक्कही शाबूत राहतो. नवे वाण नोंदवणाऱ्याला मूळ बियाणे कुठले, त्यात कुणा शेतकऱ्याचा किंवा गावाचा वाटा आहे का, हे अर्जात सांगावे लागते. दादाजींना हवे होते ते नेमके हेच कलम, पण ते उशिरा आले.

२००५ साली राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले, तोवर पैशाची ओढाताण सुटली नव्हती.

आपल्या रायगड जिल्ह्यात अलीबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. ते मुलखाचे असते, एकट्या निवडकर्त्याचे नव्हे. म्हणून आपल्या खाचरात वेगळी लोंबी दिसली तर ती कुठल्या वाणात, कुठल्या वर्षी सापडली, हे वहीत लिहावे. रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात नोंदणीची चौकशी करावी. आणि कुणी नमुना मागितला तर किती दिला, कशासाठी दिला, याच्या कागदावर त्याची सही घ्यावी.