डोंगरांची शेवटची रांग

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली आळीपाळीने सायकल चालवीत ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली, तेव्हा महाराष्ट्रात त्यांचे मोठे कौतुक झाले. ते योग्यच होते. परंतु या शर्यतीत माणसाचा कस नेमका कोठे लागतो, हेही समजून घेण्याजोगे आहे.

पश्चिमेकडील पॅसिफिक किनाऱ्यापासून पूर्वेच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरचा हा मार्ग. एकट्याने जाणाऱ्यास मुदत १२ दिवसांची. हिशेब केला तर ताशी सोळा-सतरा किलोमीटर पडतात. आमच्याकडे पाववालाही याहून सावकाश जात नसेल! मात्र या तासांत झोप, जेवण, पंक्चर सारे काही आले. घेतलेली प्रत्येक डुलकी पुढे पाय मारून फेडावी लागते. त्यात चढ एकूण ५० हजार मीटरहून अधिक, म्हणजे कळसूबाईच्या उंचीच्या तीसपट.

सर्वांत उंच खिंड, सुमारे ३,३०० मीटरची, कोलोरॅडोत लागते. तेथे श्वास कोंडतो, पण अंगात बळ शिल्लक असते. खरी परीक्षा अखेरीस, वेस्ट व्हर्जिनिया व मेरीलँडमधील अॅपलाचियन डोंगरांत. हे डोंगर ठेंगणे, परंतु एकामागून एक उभ्या चढाच्या रांगा. एक उतरावी तो दुसरी समोर. झोपेवाचून दिवस काढलेल्या माणसाला तेथे भास होऊ लागतात. कित्येकांच्या मानेचे स्नायू निकामी होऊन डोके वर धरवत नाही.

२०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ही वाट एकट्याने ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पुरी केली. आदल्या वर्षी त्यांना ती अर्ध्यावर सोडावी लागली होती. त्यांच्या पाठोपाठ त्याच वर्षी नागपूरसारख्या सपाट मुलखातले डॉ. अमित समर्थ पोहोचले. ‘एकट्याने’ हा शब्द मात्र जपून घ्यावा. रात्री स्पर्धकामागे मोटार असलीच पाहिजे, असा तेथील नियम आहे. पाणी देणारे, वाट सांगणारे, पेंगणाऱ्याला हाका मारून जागे ठेवणारे सोबती असल्याखेरीज ही शर्यत होत नाही. एवढे असूनही २००५ साली डॉ. बॉब ब्रीडलव्ह हे अनुभवी स्पर्धक समोरून आलेल्या वाहनाशी टक्कर होऊन दगावले.

हे आम्ही मुद्दाम लिहितो. या स्पर्धेच्या पात्रतेसाठी पुणे ते गोवा अशी सुमारे साडेसहाशे किलोमीटरची शर्यत होत आली आहे. वाईवरून पसरणीचा घाट चढून निघालेले स्वार अखेर आपल्याच किनाऱ्यावर उतरतात. शर्यतीच्या दिवशी त्यांच्यामागे सोबत्यांची मोटार तरी असते. चोर्ला, अनमोड, आंबोली या घाटांत एरवी सराव करणाऱ्याच्या मागे कोण असते? ट्रकच. तेथील वळणांवर साइडपट्टी कोठे खचलेली, कोठे खडीने भरलेली, तर कोठे मुळीच नाही. सत्कारसमारंभांवर खर्च करणाऱ्या सरकारने या तीन घाटांतल्या साइडपट्ट्या येत्या पावसाळ्यापूर्वी भरून घ्याव्यात, एवढीच आमची मागणी आहे. पहाटे दुधाचे कॅन लावून त्याच वळणांवरून सायकलीने उतरणाऱ्यालाही त्याचा उपयोग होईल.