किलो म्हणजे नेमका किती?

विद्यार्थी मित्रांनो, साताऱ्याचे कंदी पेढे प्रसिद्ध आहेत. तुम्ही दुकानात जाता आणि म्हणता, "काका, पाव किलो पेढे द्या." दुकानदार पेढे तोलतो, तुम्ही पैसे देता. पण पाव किलो म्हणजे नेमके किती, हे कोणी ठरवले? दुकानदाराने की तुम्ही? दोघांनीही नाही. ते कायद्याने ठरवले आहे.

पूर्वी असे नव्हते. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा. ते तुम्हांला शेर, पायली, मण, खंडी अशी नावे सांगतील. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या प्रदेशात १९४८ सालापर्यंत औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशी संस्थाने होती. एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराएवढा असेलच, याची खात्री नसे. त्यामुळे व्यवहारात फसवणुकीला वाव मिळे.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली भारत सरकारने वजनमापांचा कायदा केला. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने वापरात आली. जुन्या वजनांचे मूल्यही कायद्यात नोंदवले गेले. शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, मण म्हणजे सुमारे ३७.३२ किलोग्रॅम आणि तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. आता वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ हा कायदा लागू आहे. त्यानुसार लांबीसाठी मीटर, वस्तुमानासाठी किलोग्रॅम आणि वेळेसाठी सेकंद ही मूळ एकके आहेत.

पण मग किलोग्रॅम तरी कशावरून ठरला? पॅरिसजवळ सेव्हर येथे प्लॅटिनम व इरिडियम या धातूंचा एक लहान दंडगोल जपून ठेवला आहे. १८८९ सालापासून त्याचे वस्तुमान म्हणजेच एक किलोग्रॅम मानले जाई. त्याची ५७ क्रमांकाची प्रत भारताला मिळाली. ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. परंतु शंभर वर्षांत मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती यांत अगदी सूक्ष्म फरक पडलेला दिसला. मापच बदलू लागले, तर विश्वास कशावर ठेवायचा? म्हणून २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावरून केली जाते. निसर्गातील ही संख्या झिजत नाही आणि हरवतही नाही. मीटरचेही तसेच आहे. प्रकाश निर्वात जागेत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो, तेवढा एक मीटर.

एवढ्या अचूकपणाचा आपल्याला काय उपयोग, असे तुम्ही विचाराल. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे होतात. समजा, एका शेतकऱ्याने दहा क्विंटल हळद आणली आणि काटा प्रत्येक क्विंटलमागे एक किलो कमी दाखवतो. भाव किलोला १५० रुपये असेल, तर त्याचे १,५०० रुपये बुडाले. वर्षभराच्या घामाचे मोल एका चुकीच्या काट्याने कमी झाले!

म्हणूनच व्यापाऱ्याची वजने आणि काटे सरकारी निरीक्षक तपासतात व त्यांवर शिक्का मारतात. लोखंडी वजनांची तपासणी दर दोन वर्षांनी, तर इलेक्ट्रॉनिक काट्यांची दर वर्षी करून घ्यावी लागते. निरीक्षकाची वजने वरच्या दर्जाच्या वजनांशी पडताळली जातात. ही साखळी थेट दिल्लीच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते.

'वजन' आणि 'तराजू' हे शब्द तुमच्या उर्दूत आहेत, तसेच मराठीतही आहेत. शब्द दोन्ही भाषांत एक, तसे मापही सर्वांसाठी एकच असले पाहिजे.

आता दुकानात जाल तेव्हा तोलण्यापूर्वी काट्यावर शून्य आहे का, ते पाहा. शिक्का शोधा. पेढ्यांबरोबर रिकाम्या खोक्याचे वजन धरले जात नाही ना, याकडे लक्ष द्या. शंका आली, तर नम्रपणे विचारा. योग्य माप मागणे हा तुमचा हक्क आहे आणि उद्या तुम्ही स्वतः तराजू हातात धराल, तेव्हा योग्य माप देणे हे तुमचे कर्तव्य आहे.