आकडे थरथरतात तेव्हा

एखाद्या यंत्राला विचार करताना तुम्ही पाहिलंय का? मोबाइलचं सांगू नका हं! मोबाइलवर गणित टाकलं की बोट उचलायच्या आत उत्तर हजर, मध्ये काय झालं त्याचा पत्ताच लागत नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीचा एखादा कॅल्क्युलेटर मिळवा, त्याला मोठा भागाकार घाला आणि पापणी न लववता बघा. आकडे क्षणभर विझतात किंवा वेडेवाकडे थरथरतात आणि मग उत्तर येऊन स्थिरावतं. आतली चिप हिशेबात गुंतलेली असते, म्हणून आकडे दाखवायचं काम तिला तेवढा वेळ बाजूला ठेवावं लागतं.

मी लखनौच्या छावणीत राहते. इथली फौजी कुटुंबं बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. त्यांच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकांच्या तळाशी हमखास काहीतरी जुनं निघतं: कंपास, रेडिओ, आजोबांचा कॅल्क्युलेटर. शिवाय जुन्या शहरात दर रविवारी नख्खासचा बाजार भरतो. तिथे जुन्या वस्तूंच्या ढिगात असे कॅल्क्युलेटर दिसले की माझे पाय तिथेच थांबतात. त्यातही हिरवे आकडे उजळणारे मला सगळ्यांत लाडके.

हा हिरवा उजेड येतो कुठून? आकड्यांच्या जागी काचेची एक चपटी नळी असते. तिच्यातली हवा काढून टाकलेली असते. समोरच्या बाजूला केसाहून बारीक तारा ताणलेल्या असतात (काच तिरपी धरून नीट बघा, त्या दिसतात!). वीज आली की तारा तापतात आणि त्यांच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. मागे फॉस्फर नावाच्या पदार्थाचा लेप दिलेल्या छोट्या पट्ट्या असतात. ज्या पट्टीला धन दाब मिळतो तिच्याकडे इलेक्ट्रॉन धाव घेतात, तिच्यावर आदळतात आणि ती पट्टी हिरवट-निळी उजळते.

एका आकड्याला बहुतेक वेळा सात पट्ट्या पुरतात. सगळ्या पेटल्या की ८, मधली विझवली की ०. सात पट्ट्या पेटवण्या-विझवण्याचे एकूण १२८ प्रकार होतात आणि आपण त्यातले जेमतेम दहा आकड्यांसाठी वापरतो. उरलेल्यांतून काय काय चित्रं होतील, ते चौकटीच्या कागदावर काढून बघा.

आता खरी गंमत ऐका. आठ आकडे एकाच वेळी पेटलेले दिसतात ना? ते एकाच वेळी पेटलेले नसतातच! समजा, छावणीतल्या एका लांबलचक बराकीत आठ खोल्या आहेत आणि एकच पहारेकरी पळत पळत पहिल्या खोलीचा दिवा लावतो, विझवतो, दुसरीचा लावतो, विझवतो. तो वाऱ्यासारखा पळू लागला तर लांबून आपल्याला आठही खोल्या उजळलेल्या दिसतील. चिप हेच करते, सेकंदाला कितीतरी फेऱ्या मारते. खात्री करायची असेल तर अंधाऱ्या खोलीत तो कॅल्क्युलेटर भराभर वर-खाली हलवा. आकड्यांची सरळ ओळ मोडून तिरक्या ओळी दिसू लागतात. डोळ्यांची फसवणूक उघडी पडते! लाल आकड्यांच्या कॅल्क्युलेटरवरही हा प्रयोग जमतो.

हे कॅल्क्युलेटर तेव्हा स्वस्त नव्हते आणि लहानही नव्हते. १९६४ साली जपानच्या शार्प कंपनीने काढलेला टेबलावरचा कॅल्क्युलेटर २५ किलोचा होता आणि त्याच्या किमतीत छोटी मोटारगाडी आली असती. मग १९७१ साली बुसिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी इंटेलने ४००४ ही चिप बनवली. नखाएवढ्या तुकड्यावर २,३०० ट्रान्झिस्टर! आपल्या संगणकांतल्या प्रोसेसरची ही पणजी, आणि तिचा जन्म झाला तो बेरीज-वजाबाकीच्या यंत्रासाठी. पुढच्याच वर्षी कॅसिओ मिनी आला. त्यावर फक्त सहा आकडे मावायचे. गुणाकाराचं उत्तर बारा आकड्यांचं आलं तर? आधी डावीकडचे सहा बघायचे, मग बाणाचं बटण दाबून उजवीकडचे सहा. मला ही युक्ती फार आवडते.

आमच्या लखनौचाही या गोष्टीत वाटा आहे. दिल्लीच्या डीसीएम कंपनीत कॅल्क्युलेटरच्या विभागात काम करणाऱ्या शिव नाडर आणि त्यांच्या मित्रांनी नोकरी सोडली, मायक्रोकॉम्प नावाची कंपनी काढली आणि कॅल्क्युलेटर विकून भांडवल उभं केलं. १९७६ साली आमच्या लखनौतून चालणारं उत्तर प्रदेश सरकार त्यांचं भागीदार झालं आणि हिंदुस्तान कॉम्प्युटर्स, म्हणजे एचसीएल, उभी राहिली. कॅल्क्युलेटरच्या पैशांतून संगणकाची कंपनी!

त्याच्याही कितीतरी आधी, १८३०च्या दशकात, अवधच्या नवाबांनी इथे वेधशाळा उभारायला घेतली होती. तारेवाली कोठी म्हणतात तिला. तिथे ताऱ्यांच्या जागांचे हिशेब माणसं हाताने कागदावर करायची. त्या कोठीत आता स्टेट बँक आहे. तिथून जाताना मला दर वेळी वाटतं, त्या माणसांच्या हातात एक हिरव्या आकड्यांचा कॅल्क्युलेटर ठेवता आला असता तर!

आता दोन प्रयोग तुमच्यासाठी. आठ आकड्यांच्या साध्या जुन्या कॅल्क्युलेटरवर १ भागिले ३ करा आणि आलेल्या उत्तराला ३ ने गुणा. १ यायला हवा, पण येतं ०.९९९९९९९. कारण त्याच्याकडे जागा आठच आकड्यांची. ०.३३३३३३३ च्या पुढचे न संपणारे तीन तो टाकून देतो. मोबाइल बहुतेक वेळा १ दाखवतो, कारण तो जास्तीचे आकडे पडद्याआड जपून ठेवतो. जुन्या यंत्राचं उत्तर चुकीचं असलं तरी ते कुठे चुकलं हे आपल्याला शोधता येतं, म्हणून शिकायला मला तेच जास्त चांगलं वाटतं.

दुसरा प्रयोग. स्वस्त कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचं बटणच नसायचं. हरकत नाही! १० चं वर्गमूळ हवंय? अंदाजाने ३ धरा. १० भागिले ३ म्हणजे ३.३३३३३३३. या दोघांची सरासरी ३.१६६६६६६. आता १० ला तिने भागा आणि पुन्हा सरासरी काढा. ३.१६२२८०७ येतं. खरं उत्तर ३.१६२२७७६. दोनच फेऱ्यांत इतकं जवळ! तिसरी फेरी तुम्ही करा.

आता पुन्हा कॅल्क्युलेटरच्या गोष्टीकडे. १९७३ साली शार्पने द्रवस्फटिकाचे आकडे असलेला खिशातला कॅल्क्युलेटर आणला. तो एका सेलवर शंभर तास चालायचा. सेल भराभर फस्त करणारे हिरवे आणि लाल आकडे मग मागे पडत गेले.

तुमच्या आजी-आजोबांकडे, काकांकडे, ओळखीच्या दुकानदाराकडे असा एखादा कॅल्क्युलेटर अजून असेल. आधी मोठ्यांना सोबत घेऊन मागचं झाकण उघडा. जुने सेल आत राहिले असतील तर ते गळून पत्र्याच्या पट्ट्या खातात, म्हणून ते लगेच काढून टाका. पांढरी-हिरवी पूड दिसली तर तिला हात लावू नका, साफ करायचं काम मोठ्यांना करू द्या. भिंतीच्या विजेवर चालणारा असेल तर मात्र तो उघडायचाच नाही. सेलवर चालणाऱ्यात नवे सेल घाला, १ भागिले ३ गुणिले ३ करा आणि काय उत्तर आलं ते आम्हाला पत्राने कळवा. पत्रात कॅल्क्युलेटरचं नाव आणि आकड्यांचा रंग लिहायला विसरू नका.