अडलेले घर आणि न लिहिलेला कागद

गावाबाहेर नव्याने वसलेल्या कुठल्याही कॉलनीतून संध्याकाळी फेरफटका मारा. बंगल्यांच्या रांगेत एखादे घर असे दिसतेच, की ज्याचे जोते झाले आहे, कॉलमच्या गंजलेल्या सळ्या आभाळाकडे बघत उभ्या आहेत आणि मधल्या खोलीत बाभळीने मूळ धरले आहे. येणारेजाणारे म्हणतात, "पैसे संपले असतील," नाहीतर "कंत्राटदार पळाला असेल." पुष्कळदा यातले काहीच खरे नसते. ते घर अडलेले असते एका कागदावाचून.

आमच्या परिचयातल्या एका निवृत्त गुरुजींचे घर असेच अडले. प्लॉट काळ्या मातीतला, हाती भविष्य निर्वाह निधीची रक्कम. कंत्राटदार माणूस भला. "गुरुजी, तुम्ही फक्त वास्तुशांतीची तारीख काढा, बाकी माझ्यावर सोडा," असे म्हणाला. मालासकट चौरस फुटाला अमुक दर, एवढेच वहीच्या एका पानावर लिहिले गेले. पाया पाच फुटांवर लागेल असा अंदाज होता; काळी माती संपून कठीण मुरूम लागायला नऊ फूट गेले. कंत्राटदाराने जादा खोदाईचे आणि काँक्रीटचे पैसे मागितले. गुरुजी म्हणाले, "दर ठरला तो ठरला." दोघेही आपापल्या जागी खरे होते. काम दोन पावसाळे बंद राहिले.

घर बांधायला देण्याच्या आपल्याकडे मुख्यतः तीन तऱ्हा आहेत. पहिली मजुरीच्या ठेक्याची. सिमेंट, सळई, वाळू, विटा आपण आणायच्या. गवंडी, सेंट्रिंगवाले आणि बिगारी ठेकेदाराचे. माल आपल्या डोळ्यांदेखत येतो. शिवाय गृहसंकुलाचा भाग नसलेल्या स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाच्या निव्वळ मजुरी ठेक्याला जीएसटीची माफी आहे. मालासकट ठेका नोंदणीकृत कंत्राटदाराला दिला, तर १८ टक्के कर लागतो. मात्र मजुरीच्या ठेक्यात नासधुशीची झळ मालकालाच बसते. वाळूची बरास, म्हणजे १०० घनफूट, पुरती भरली की नाही हे बघायला कुणीतरी सकाळी सातला साइटवर हवे. ज्याची नोकरी परगावी आहे, त्याने या वाटेला न गेलेले बरे.

दुसरी तऱ्हा मालासकट चौरस फुटाच्या दराची. ती सोपी वाटते, म्हणून लोकप्रिय आहे. भांडणेही तिच्यातच जास्त. कारण चौरस फूट कशाचा, हेच ठरलेले नसते. बाल्कनी पूर्ण धरायची की निम्मी? जिना, गच्चीचा कठडा, पाण्याच्या टाक्या, सेप्टिक टँक, कुंपणाची भिंत दरात आहेत की बाहेर? 'चांगल्या प्रतीची फरशी' म्हणजे कोणत्या किमतीपर्यंतची? हे लिहिले नसेल, तर कमी दर हा स्वस्त दर नसतो. उरलेला दर नंतर कळतो इतकेच.

तिसरी तऱ्हा आयटम रेटची. खोदाईला घनमीटरचा दर, काँक्रीटला वेगळा, सळईला किलोचा, गिलाव्याला चौरस मीटरचा. जेवढे काम झाले तेवढे मोजायचे आणि पैसे द्यायचे. गिलाव्यात खिडकी-दरवाजांची वजावट कशी धरायची, इथपर्यंतचे नियम भारतीय मानक १२०० मध्ये आहेत. दर वाजवी आहेत का, हे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीशी ताडून पाहता येते. मात्र आधी पूर्ण नकाशे आणि अंदाजपत्रक हवे, आणि मोजमापे घ्यायला आपला अभियंता हवा. त्याची फी वाचवू पाहणारा ती दुसऱ्या रूपाने देतोच.

मग निवडावे काय? काळ्या मातीत किंवा भरावाच्या जमिनीत जोत्याखालचे काम मोजून, आयटम रेटने द्यावे. कारण जमिनीच्या पोटात काय आहे हे कंत्राटदारालाही ठाऊक नसते. तो धोका त्याच्या गळ्यात घातला, तर तो दर तरी फुगवतो किंवा सळई तरी वाचवतो. जोत्यावरचे काम नकाशात स्पष्ट असते; ते चौरस फुटाने द्यायला हरकत नाही, पण सोबत साहित्याची यादी जोडूनच.

माणूस पारखायचा तर त्याने नुकतेच रंगवलेले घर पाहू नये. नव्या रंगाखाली सगळ्याच भिंती देखण्या असतात. तीन पावसाळे खाल्लेले घर पाहावे, आणि तेही पावसाळ्यात. त्या मालकाला एकच विचारावे, "गळती लागल्यावर बोलावले, तेव्हा आला का?" मग त्याचे चालू काम पाहावे. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस, तर राखमिश्रित सिमेंट किंवा कोरडी गरम हवा असेल तर किमान १० दिवस पाणी मारले पाहिजे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस काढू नयेत. प्लेटा भाड्याच्या असल्या की त्या लवकर उचलण्याचा मोह होतो. तो आवरणारा माणूस आपला.

पैशांचे सूत्र एकच: पैसा कामाच्या मागे चालावा, पुढे नाही. समजा, २० लाखांचे काम आहे आणि स्लॅब पडेपर्यंत १६ लाख देऊन झाले. गिलावा, फरशी, नळ, वीज, रंग हे सारे बाकी, आणि त्याला उरले ४ लाख. कंत्राटदाराला परत यावेसे का वाटेल? हप्ते टप्प्यांना बांधावेत, प्रत्येकातून ५ टक्के राखून ठेवावेत आणि ते एक पावसाळा पाहून द्यावेत. जादा काम आधी लिहून, दर ठरवून, दोघांच्या सहीने. मजुरांचा विमा कोणी काढायचा, तेही लिहावे.

आपल्या प्लॉटवर आपण नेमलेल्या कंत्राटदाराच्या तक्रारीला महारेराचे दार उपयोगी नाही. ते घरे विकणाऱ्या बिल्डरांसाठी आहे. पण १९९३ च्या दुरुस्तीने गृहबांधणी ही ग्राहक कायद्यात 'सेवा' ठरली, आणि २०१९ च्या कायद्यातही ती आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तिथेही पहिला प्रश्न असतो तो कागदाचा.

गुरुजींचे घर अखेर झाले. एका अभियंत्याने मध्ये बसून पाया मोजला आणि जादा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घेतला. तोवर सळई-सिमेंटचे भाव वाढले होते. वरची खोली नकाशातच राहिली. तिच्या जागी आता नुसती गच्ची आहे. पाहुणे वारा छान येतो म्हणतात. गुरुजीही हो म्हणतात. ती खोली त्यांनी पुस्तकांसाठी काढली होती.