तेल भरपूर, पण विहिरीला किती?

गोंदिया जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली कातळ आहे. नागऱ्यासारख्या गावात बोअर मारला की पाणी लागेल ते कातळातल्या भेगेतून. भेग हुकली की नुसती भुकटी वर येते. तेलविहिरीचंही तसंच. साठा कितीही मोठा असो, खडकानं तो विहिरीकडे सोडायला हवा.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर अरबी समुद्रात, ‘सागर सम्राट’ रिगला फेब्रुवारी 1974 मध्ये तेल लागलं. 21 मे 1976 रोजी मुंबई हाय या तेलक्षेत्राचं उत्पादन सुरू झालं आणि ऐंशीच्या दशकात ते रोज साडेचार लाख बॅरलच्या पुढे गेलं. एक बॅरल म्हणजे 159 लिटर.

हे तेल चुनखडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं आहे. सुरुवातीला खालचा दाबच ते वर ढकलतो. उपसा वाढतो तसा दाब उतरतो. मग खडकात पाणी सोडून दाब टिकवतात. विहिरीच्या नळीत वायू सोडून तेलाचा स्तंभ हलका करतात. पण चुनखडकाचे सगळे थर सारखे नाहीत. पाणी मोकळ्या थरातून धावत थेट विहिरीत शिरतं, घट्ट थरातलं तेल मागेच राहतं. म्हणून 2000 नंतरच्या पुनर्विकासात जुन्या विहिरींना बाजूनं फाटे फोडले, आडव्या विहिरी खोदल्या. आडवी विहीर तेलाच्या थरातून लांबवर जाते, त्यामुळे एकाच विहिरीला जास्त खडक भिडतो.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटानं हीच आडवी विहीर वापरली आणि जोरदार दाबाच्या पाण्यानं खडकच फोडला. 2014 मध्ये तिथलं उत्पादन रोज 10 लाख बॅरलवर गेलं. मात्र अशा विहिरीचा प्रवाह पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येतो. आकडा टिकवायला सतत नव्या विहिरी लागतात.

मुंबई हायचं उत्पादन 2024 मध्ये रोज सुमारे 1 लाख 34 हजार बॅरल होतं. ते वाढवण्यासाठी हे क्षेत्र चालवणाऱ्या सरकारी कंपनी ओएनजीसीनं जानेवारी 2025 मध्ये ब्रिटिश कंपनी बीपीची 10 वर्षांसाठी तांत्रिक भागीदार म्हणून निवड केली. उद्या उत्पादन वाढल्याची बातमी आली, तर दोन गोष्टी तपासाव्यात: वाढ नव्या विहिरींच्या संख्येमुळे झाली की प्रत्येक विहिरीच्या उताऱ्यामुळे? आणि तेलाबरोबर पाणी किती वर येतंय? तेलक्षेत्राचं उरलेलं आयुष्य याच उत्तरांवरून कळतं.